ढोलकीची जागा

अकोल्याच्या चर्चमध्ये मी दर रविवारी पायपेटी वाजवत असे. आठवडाभर शाळेत गाणं शिकवायचो. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. त्या वर्षी ईस्टरसाठी मी एक गीत बांधलं. चाल माझ्या आईच्या जात्यावरच्या ओवीची. पेटीवर ती चाल अवघडून बसायची, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी. तिला ढोलकीच हवी होती.

ढोलकीवाला माझ्या ओळखीचा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. काही वर्षांपूर्वी त्याच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या देवळात मले चालवून घेतीन का, मास्तर?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

चालवून घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. चर्चच्या पंचांमध्ये माझे सासरेच होते. जन्मभर अमरावतीला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्तीनंतर काही वर्षांपासून आमच्याकडेच राहत. घरच्या तालमीत त्यांनी ढोलकी ऐकली आणि जेवायला बसल्यावर म्हणाले, "जवाईबापू, ढोलकी चर्चमंदी येनार नाही."

"का, मामाजी?"

"येनार नाही म्हनलं ना."

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते कचरत का होईना, हो म्हणाले. त्यानंतर आठवडाभर मामाजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बायको दोघांना वाढायची आणि दोघांकडेही बघायची नाही. गुड फ्रायडेला क्षमेवरचं प्रवचन चालू होतं, तेव्हा मी पुढच्या बाकावरच्या त्यांच्या ताठ मानेकडे पाहत होतो. रविवारी यांना ताप यावा, अशी प्रार्थना मी केली. आज लिहितानाही लाज वाटते.

ताप आला नाही. रविवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. पेटीजवळ बाकं लागली होती, म्हणून ढोलकीवाल्यासाठी मी मागे दारापाशी सतरंजी टाकली.

गीत सुरू झालं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्याला मामाजी उठले. मंडळींचे आवाज एकेक करून बारीक होत गेले. मधल्या वाटेने ते सरळ मागे चालत निघाले. माझा पाय भात्यावर चालू होता. आता हे ढोलकी हिसकावणार, असंच मला वाटलं. ते सतरंजीसमोर थांबले. ढोलकीवाल्याने मान वर केली, ठेका सोडला नाही. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर निघून गेले.

उपासना संपल्यावर मी त्यांना शोधत गेलो. ते कडुनिंबाखाली उभे होते.

"सगळ्यांसमोर तुम्ही असं करायला नको होतं," मी म्हणालो.

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "माहा बाप गावात डफडं वाजवे. लगन असो का मयत. वाजवनाऱ्याची जागा दाराशी, जोड्यांपाशी. त्याले कोनी वर बस म्हनलं नाही. आमी ते सोडून इथं, चर्चमंदी आलो. अन तुमी त्याले कुठं बसवलं?"

मी दाराकडे पाहिलं. सतरंजी अजून तिथेच होती, तिच्या कडेला मंडळींच्या चपला.

"पेटीपाशी जागा नव्हती," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी होती."

कुणाचा सूर अर्धा चढला तरी माझ्या कानाला कळायचा. आणि माझ्याच हाताने टाकलेली सतरंजी मला दिसली नव्हती. त्याच संध्याकाळी मी ढोलकीवाल्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, मास्तर. मले त सवय हाय." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

पंचांची बैठक झाली. ढोलकी नकोच, असं दोघा पंचांचं म्हणणं पडलं. मामाजी म्हणाले, "येऊ द्या. पन पेटीच्या बरोबरीनं बसंल." पहिलं बाक हलवून आम्ही तिथे एक बैठी चौकी ठेवली. एक घर त्यानंतर आमच्या चर्चला आलंच नाही.

मामाजींनी ते गीत कधी गायलं नाही. सुरू झालं की ओठ मिटून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसत, पण उठून गेले नाहीत. ढोलकीवाल्याशीही ते फारसं बोलत नसत. एकदाच, नाताळच्या उपासनेनंतर त्याच्यापाशी थांबून म्हणाले, "हात बरा हाय तुहा."

"बसा नं, बाबाजी," तो म्हणाला, आणि चौकीवर थोडा सरकला.

मामाजी त्याच्या शेजारी बसले.