क्लॅरिनेटवाल्या लॅपटॉपची दुरुस्ती

या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्से मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, हसते आणि विसरते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं — अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एवढंच शिकवलं. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय...

जालन्यात मोंढ्याच्या धान्यबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. अण्णा तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची. सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की अजूनही मला शाळा सुटल्यासारखं वाटतं. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी लॅपटॉप दुरुस्त करते. पुढे माझं टेबल, मागे पडदा आणि पडद्याआड त्यांचे जुने रेडिओ रचलेले. तिकडे दुसरं दार नाही, खिडकीही नाही.

मागच्या उन्हाळ्यात पिंपळगाव रेणुकाईहून कौसाबाई आल्या. आमची ओळख ना पाळख. त्यांचे यजमान लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते वारले. त्यांचं वाजवणं लेकीने लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवलेलं, आणि नेमकं त्याच लॅपटॉपवर पाणी सांडलं.

"पोरीची हळद आलीय," कौसाबाई म्हणाल्या. "बापाच्या वाजवण्यावरच हळद लावून घेईन म्हणती. दुसरीकडं कुठंच न्हाई ते. निघंल का?"

"बघते. तुम्ही बसा."

उघडलं. बोर्डवरचा एक कपॅसिटर, तिळाएवढा भाग, जळून काळा पडला होता. त्या मॉडेलची मेमरी बोर्डलाच पक्की असते, काढून दुसरीकडे लावता येत नाही. बोर्ड गेला की क्लॅरिनेटही गेलं! मी गरम हवेने जळका कपॅसिटर काढला, एका जुन्या बोर्डवरचा तसाच काढून बसवला. मीटर लावला... शॉर्टसर्किट तसंच. मीटर ओरडतच राहिला.

आता बाहेरून करंट देऊन बघायचं, जो भाग तापेल तो खराब, एवढाच उपाय मला सुचत होता. यात मेमरी उडायची भीती असते. तरी मी वायरी हातात घेतल्या.

"अगं पोरी, थांब म्हणून राह्यले ना ते!" कौसाबाई एकदम म्हणाल्या.

"कोण?"

"आत बसलेले बाबा. उलटून बघ बबडे, उलटून बघ... मघापासून सांगून राह्यले. तुला ऐकू न्हाई येत का?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण बबडे... ही हाक फक्त अण्णांची. तीही दुकानात, आम्ही दोघंच असताना.

मी उठून पडदा सारला. रेडिओ आणि धूळ. कौसाबाई माझ्या मागून डोकावल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

परत येऊन बोर्ड उलटला. मागे एक काळी पट्टी चिकटवलेली होती. ती सोलली तर खाली आणखी एक कपॅसिटर, केसाएवढी चीर गेलेला. तो बदलला. मीटर गप्प झाला. लॅपटॉप सुरू झाला, कौसाबाईंनी फाईलचं नाव सांगितलं, मी क्लिक केलं, आणि त्या भर दुपारी आमच्या दुकानात क्लॅरिनेट वाजायला लागलं. कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. मलाही मान वर करवेना.

नंतर मी खूप डोकं चालवलं. शेजारच्या दुकानातला आवाज असेल? पण ते दुकान त्या दिवशी बंद होतं. कुणी मस्करी केली म्हणावं, तर ते नाव कुणाला माहीत? आणि बोर्डची मागची बाजू कुणाला दिसणार होती?

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती मेथी निवडत होती. हात थांबवून तिने एवढंच विचारलं, "खोकत होते का गं?"

शेवटच्या वर्षात अण्णांना खोकल्यामुळे एक वाक्यही पुरं बोलता येत नव्हतं. मी कौसाबाईंना फोन लावला.

"न्हाई गं, बिलकुल न्हाई," त्या म्हणाल्या. "चांगला मोकळा आवाज होता."

मी आईला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.