मार्थामावशींचं काळं कोकरू

पुण्याहून निघताना कोकरू माझ्या मांडीवर होतं. काचेचं, गोधडीत गुंडाळलेलं. कंधारजवळच्या एका गावात टोकदार कमानींचं, गॉथिक धाटणीचं जुनं चर्च आहे. त्याच्या पूर्वेकडच्या रंगीत खिडकीची दुरुस्ती माझ्याकडे आली होती. मला पाठवलेल्या फोटोत मेंढपाळाच्या हातातलं कोकरू काळं, पोपडे आलेलं दिसत होतं, म्हणून मी नवं, पांढरंशुभ्र कोकरू रंगवून भट्टीत भाजून घेतलं. या कामात माझा हात बसलेला आहे आणि हे सांगायला मी लाजत नाही.

नांदेडला रेल्वेतून उतरून बस धरली. रस्ता गचक्यांचा, दोन्ही बाजूंना सोयाबीन. शेजारच्या बाई बराच वेळ माझ्या गोधडीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लेकरू लई शांत हाय हो तुमचं!" मी गोधडी उघडून दाखवली, तर त्या हसता हसता सीटवरून घसरल्याच.

चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) पहिल्याच दिवशी भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी वाढली. नाकातून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतली.

खिडकीच्या काचा धरून ठेवणाऱ्या जुन्या शिशाच्या पट्ट्या बदलण्यात तीन दिवस गेले. शनिवारी दुपारी काळं कोकरू सोडवलं, तेव्हा बोटाला रंगाचा पोपडा लागला. चर्च झाडणाऱ्या मार्थामावशी झाडू टाकून जवळ आल्या.

"ते कुठं ठेवून राहिल्या?"

मी गोधडीतलं पांढरं कोकरू पुढे केलं. त्यांनी ते नीट पाहिलं. "चांगलं हाय. पर आमच्याकडली मेंढरं काळी असतात, कान लोंबते. गारपिटीत काच फुटली तवा माझ्या मालकानं हे रंगवलं. पाट्या रंगवायचे ते. दुकानांच्या पाट्यांवर आता दुसऱ्यांचे रंग बसले. त्यांच्या हातचं एवढंच राहिलं."

"मावशी, हा साधा तेलरंग आहे, भाजलेला नाही. आणखी दोन पावसाळे टिकणार नाही."

"न्हाई तर न्हाई. मी तरी कुठं लई टिकणार हाय?"

मी पुन्हा ते काळं कोकरू हातात घेतलं. जड नाक, लोंबते कान. हा माणूस मेंढरं बघून रंगवत होता. मी पुस्तकं बघून रंगवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

उपाय होता. रंगावर साधी काच ठेवून दोन्हींच्या कडा बंद केल्या, तर रंग जागेवर राहतो. कंधारच्या फोटोफ्रेमवाल्याकडून काच आणली. पण माझ्या शिशाच्या पट्टीची खाच दोन काचांच्या जाडीला पुरेना आणि तेवढ्यात लाइट गेली. माझी विजेची डाग द्यायची (सोल्डरिंगची) कांडी थंड पडली. रविवारच्या उपासनेआधी खिडकी बसायलाच हवी होती.

पाळकांनी रशीदचाचांना बोलावलं. ते पत्र्याच्या पेट्या करणारे कारागीर. त्यांनी काचा उलटसुलट करून बघितल्या.

"फिकीर नका करू ताई. मावशीच्या मालकाचं, याकूबभाईचं काम हाय हे. माझ्या दुकानाची पाटी त्यांनीच रंगवलीती."

अंगणात कोळसे फुलवून त्यांनी पत्र्याची पातळ चौकट वळवली आणि सगळ्या कडेनं डाग दिला. एवढा सरळ डाग माझ्या हातून पडत नाही. दिवस मावळायच्या आत कोकरू मेंढपाळाच्या हातात होतं.

रविवारी सकाळी ऊन खिडकीतून आत आलं. फरशीवर लाल, निळा, पिवळा उजेड सांडला आणि मधोमध, काळा रंग ऊन अडवतो म्हणून, लोंबत्या कानांच्या कोकराची सावली पडली. मार्थामावशी रांगेतून येताना थांबल्या. पदर सावरून त्या सावलीला वळसा घालून गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

परतीच्या प्रवासात पांढरं कोकरू पुन्हा मांडीवर होतं. आता ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि येणारेजाणारे त्याचं कौतुक करतात. मी मात्र त्यांना सांगते, माझं सगळ्यात चांगलं काम कंधारजवळ आहे. ती एक साधी काच आहे, आणि ती कुणालाही दिसत नाही.