नानांचं शिळं पाणी

नाना रोज सकाळी घमेल्यातल्या पाण्याचा थेंब जिभेच्या टोकावर ठेवत, तोंड वेडंवाकडं करत आणि पचकन थुंकत. लग्न होऊन भुसावळला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भिंतीपलीकडे हा प्रकार पाहिला आणि सासूबाईंना विचारलं, "यांचं डोकं ठिकाणावर आहे ना हो?"

"डोकं ठिकाणावर आहे. अंगणातली माती तेवढी नाही," सासूबाई म्हणाल्या.

खरंच, नानांच्या बागेत मातीचा कण नव्हता. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. नाना मूळचे धुळ्याकडचे, इंजिन शेडमधून निवृत्त झालेले, एकटे. रॉकेलच्या वीस डब्यांना आतून डांबर फासून त्यांत इंजिनातून निघालेले जळक्या कोळशाचे खडे भरलेले, आणि त्या खड्यांत टमाटी, मेथी, मिरच्या. सोरा आणि कसली कसली खतं विरघळवलेलं पाणी वरून ओतायचं. बुडाच्या भोकातून ते घमेल्यात उतरलं, की खत किती उरलं ते चाखून बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वर. एवढ्या भाजीला दिवसाकाठी एक कळशीभर नवं पाणी पुरे. मी हसले की म्हणत, "पानी कोठे जास बेटी? आठेच शे." म्हणजे, इथेच आहे.

गल्लीने मात्र एक अट घातली होती. बारा घरांची विहीर गटारीला खेटून, आणि गटारीची फरशी जुनी, फुटकी. ते खारट पाणी थेंबभर जरी गटारीत गेलं, तरी डबे उचलायचे. नानांनी कबूल केलं होतं. बायको गेल्यापासून त्या डब्यांवरच त्यांचा जीव होता.

वर्षभर नाकं मुरडणाऱ्या बायका ऋषिपंचमीला त्यांच्याच दारात उभ्या राहत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि नानांच्या भाजीला ना नांगर, ना मोट! मला लेक झाली त्या वर्षी पंचमीच्या तोंडावर नाना दोन दिवस धुळ्याला लेकीकडे गेले. डबे माझ्यावर सोपवले. "फक्त पाणी फिरव. दुसरं काही करू नको," एवढंच बजावलं.

चतुर्थीच्या सकाळी मी घमेली पाहिली. पिवळट पाणी, वर तवंग. आमच्या घरात रोज हंडे-कळश्या उपड्या करून, घासून ताजं पाणी भरायची रीत. उद्या ऋषींच्या नैवेद्याची भाजी, आणि तिला हे शिळं पाणी? छे! पदर खोचला, वीसही घमेली गटारीत रिकामी केली, राखेने लख्ख घासली आणि ताजं पाणी भरलं. अट आठवलीसुद्धा नाही. हात सवयीने चालले.

दुपारी नाना आले. घमेल्यांची चकाकी पाहून थबकले. थेंब जिभेवर ठेवला. या खेपेला तोंड वाकडं झालं नाही, पांढरं पडलं.

"कोनी फेकं?"

"मी," मी हळूच म्हटलं. "पण कोणी पाहिलं नाही हो नाना. तुम्ही बोलला नाहीत तर डबे राहतील, आणि माझीही अब्रू राहील."

ते माझ्या हाताकडे बघत होते. हातात बोंडलं होतं. मला दूध पुरत नव्हतं म्हणून दोन महिन्यांच्या लेकीला मी वरचं दूध पाणी घालून पाजत असे.

"यात पाणी कुठलं?"

"विहिरीचं. पण उकळलेलं आहे!"

"उकळून मीठ उडतं का?" त्यांनी बोंडलं हिसकावलं आणि जमिनीवर ओतलं. "तान्ह्याच्या रक्ताला सोऱ्याचं पाणी सोसत नाही, वाचलंय मी. नखं बघ पोरीची. निळी पडतात."

सकाळी एकदा पाजून झालं होतं. मी लेकीची मूठ उघडली. नखं गुलाबी वाटली, मग निळी, पुन्हा गुलाबी. तोवर नाना विहिरीच्या ओट्यावर चढून ओरडायलाही लागले होते. गल्ली जमली. सगळ्यांदेखत त्यांनी मला पुढे बोलावलं.

"पाणी हिच्या हातून गेलं. बेटी, किती घमेली? किती वाजता? बठ्ठं, सगळं सांग."

"वीस," मी म्हटलं. "सात वाजता." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

"डबे उचला आता," कोणीतरी म्हणालं.

"उचलतो. आधी ज्या घरात तान्हं आहे, तिथलं सातनंतरचं पाणी ओतून द्या."

दोन दिवस विहीर उपसली. लेकीची नखं गुलाबीच राहिली. चार दिवस नाना स्टेशनच्या नळावरून खांद्यावर कावड घालून पाणी आणत, उंबऱ्याशी हंडा टेकवत आणि हाक मारत, "बेटी, पानी." मी हंडा आत घ्यायची आणि दार लावायची. माझा राग एकच होता: 'मी फेकलं' म्हणाले असते, तर म्हाताऱ्याचं काय जात होतं? किती घमेली आणि किती वाजता, हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पाचव्या दिवशी ते कायमचे धुळ्याला लेकीकडे निघाले. टांगा आमच्या दाराशी थोडा थांबला. मी आत लेकीला दूध पाजत बसले होते. उठले नाही. थंडीत ते तिकडेच वारल्याचं कळलं.

पोरगी जगावी म्हणून त्यांनी आणलेलं पाणी चार दिवस घेतलं मी. त्यांना साधं "नाना, बसा" म्हटलं नाही.