सगळ्या गल्लीची साखर

त्या रविवारी आमच्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांची साखर कळली. ज्यांची कळायला हवी होती ते मामा तेवढे आतल्या खोलीत कॉटवर पडून धापा टाकत होते, आणि त्यांच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता.

मामा म्हणजे माझे घरमालक. नात्यानं कुणी नव्हेत. मी गोंदियाकडची, भाताच्या मुलखातली. आठवीनंतर शाळा सुटली आणि कामाच्या मागं फिरत फिरत कोल्हापुरात येऊन पडले. राजारामपुरीत लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते आणि मंगळवार पेठेत मामा-मामींच्या वरच्या खोलीत राहते. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. आई माझ्यापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. मामांनी मला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं, बाहेरच्या बाकड्यावर दिवसभर बसून राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "आमची पोरगी हाय आत." त्या एका वाक्यावर मी या गावात टिकले. तेव्हा पुढं लिहिताना माझी जीभ जास्त कडवट झाली, तर त्यामागं हे आहे.

मामा एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी गडहिंग्लजच्या गाडीवर गेली. साखरेचा आजार जुना, इन्सुलिनची सुई सकाळ-संध्याकाळ. नवी चप्पल अंगठ्याला चावली, ती जखम चिघळली, त्यातून ताप आला आणि तापामागून उलट्या. अन्न पोटात ठरेना. मग मामींनी सुई बंद केली.

"पोटात अन्नाचा कण न्हाय," त्या म्हणाल्या, "आणि वरनं सुई टोचून काय मारायचंय काय त्यास्नी?"

ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं की कुणाची हरकत घ्यायची छाती होत नाही. घातक शहाणपण असंच असतं, नीट भांग पाडून येतं. उलट्यांना 'पित्त' म्हणायचं ठरलं. पित्त म्हटलं की सगळे निर्धास्त होतात. पित्तानं मेलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही ना.

मग माणसं बघायला यायला लागली. आजाऱ्याला बघायला जायचं हा इथला धर्म आहे, आणि त्या धर्मात दोन नियम आहेत. रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि आणलेलं आजाऱ्यानं आपल्या डोळ्यांदेखत संपवल्याशिवाय उठायचं नाही. शेजारच्या काकूंनी शहाळी आणली. समोरच्या पेन्शनर काकांनी लिंबू सरबत करून घेतलं, "ग्लुकोज घाला की दोन चमचं, ताकद येती." मामांना तहान तर अशी लागली होती की दिलं ते घटाघटा पीत होते. प्याले की लघवीला, लघवीहून आले की परत तांब्या. काकांनी यावर निकाल दिला, "लघवी साफ हुतीया न्हवं? मग किडनी खणखणीत हाय." हे काका कुठल्याशा ऑफिसात आवक-जावक बघायचे. मामांची आवक-जावक बघून त्यांना समाधान वाटलं असावं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती मामींच्या धाकट्या भावानं. तो शनिवारी गडहिंग्लजहून आला, काखेत गुळाची ढेप मारून.

"अक्का, साखर बंद कर. गूळ चालू कर," आल्या आल्या तो म्हणाला. "साखर म्हंजे केमिकल. गूळ म्हंजे औषध. आमच्या गुऱ्हाळातला हाय, बिनकेमिकलचा. मी रोज मूठभर खातोय, हाय काय मला काय?"

खरंच काही नव्हतं. तांबूस चेहरा, पैलवानी मान, आवाज असा की शेजारच्या घरातलं मूल उठून बसावं. त्यामुळं गुळाचं पाणी सुरू झालं. आमच्या गोंदियाकडं गूळ कधीमधी सणाला. तिकडून आलेल्या मला उसाच्या मुलखातल्या माणसाशी गुळावर वाद घालायची काय टाप!

रविवारी माझी सुट्टी. सकाळी चहा घेऊन आत गेले तर मामांचे डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, त्यांवर पापुद्रे. श्वास लांब लांब आणि जोराचा, जिना चढून आल्यासारखा, आणि माणूस तर आडवा पडलेला. तोंडाला वास येत होता, जास्त पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. मला बघून ते म्हणाले,

"फलाटाला गाडी लागली काय गं?"

मी म्हटलं, "मामा, कुठली गाडी?"

"गडहिंग्लज," ते म्हणाले आणि परत डोळे मिटले.

मला वैद्यकी कळत नाही. मला भीती कळते. लहानपणापासून ती एकच विद्या मी नीट शिकले आहे. दुकानात गिऱ्हाईक जरा वेळ गप्प राहिलं तरी मला भीती वाटते. पण ही भीती तसली नव्हती. मी बाहेर येऊन मामींना म्हटलं, "साखर तपासूया."

मामींनी कपाटातून मशीन काढलं. मामांच्या बोटाला टोचलं, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. मशीनवर आकडाच आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली. परत टोचलं. परत तीच अक्षरं.

"बंद पडलं," भाऊ म्हणाला. त्यानं मशीन हातात घेतलं, उलटं करून थापटलं, सेल काढून पँटीवर घासले आणि परत बसवले. "चायनाचं असणार. अक्का, तुझं बोट दे. दुसऱ्याचं बघितल्याबिगर कळायचं न्हाय."

मामींचे एकशे चार आले.

"म्हंजे चालतंय की," काकू म्हणाल्या. "माझं बी बघा, सकाळधरनं मी काय खाल्लो न्हाय." इथल्या बायका स्वतःला सर्रास 'गेलो, खाल्लो' म्हणतात. सुरुवातीला मला गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

काकूंचे एकशे अठरा. त्या हिरमुसल्या. "एवढीच? सहा म्हैनं बिनसाखरेचा च्या पितोय मी. उगंच जीव मारला म्हणायचा!"

मग पेन्शनर काका. मग काकांनी हाक मारून बोलावलेली त्यांची बायको. मग गॅलरीतून वाकून बघणारा एक जण, त्याला खालून आमंत्रण गेलं, "ये की खाली, फुकट हाय!" बाहेरच्या खोलीत, सोप्यात, जत्रा भरली. बोटं पुढं येत होती, आकडे मोठ्यानं वाचले जात होते, जास्त आलेल्याला टोमणे, कमी आलेल्याला शाबासकी. मशीनची परीक्षा चालली होती म्हणे. आत मामांचा श्वास मला सोप्यापर्यंत ऐकू येत होता. इतरांनाही येत असणार, पण ज्याला त्याला स्वतःच्या आकड्याची पडली होती.

शेवटी सगळे भावाच्या मागं लागले. "आता गूळवाल्याचं बघूया." तो नको नको म्हणाला, मग छाती काढून बसला. आकडा आला तीनशे बारा.

सगळे एकदम आकड्यावर वाकले. मग तोच ओरडला, "बघा! मी म्हटलो न्हवतो? मशीनच खोटं!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! सगळ्यांनी! एवढ्या लोकांचं बरोबर दाखवणारं मशीन एका माणसाच्या बोटाशी आलं आणि खोटं ठरलं, कारण त्या माणसाचा आवाज मोठा होता.

मी म्हटलं, "मग मामींचे एकशे चार कसे आले?"

"तू गप गं," तो म्हणाला. "भात खाणाऱ्या मुलखातली तू. तुला गुळातलं काय कळतंय?"

"गुळातलं नाही कळत," मी म्हटलं. "पण मशीन सगळ्यांचं सांगतंय आणि मामांचंच सांगत नाही, म्हणजे घोटाळा मशीनमध्ये नाही. मामांमध्ये आहे."

पट्ट्यांची डबी मी त्याच्या हातातून घेतली. तळाशी थोड्याच उरल्या होत्या. आत जाऊन मामांच्या बोटाला पुन्हा टोचलं. त्यांनी हात मागं घेतला नाही, हूं की चूं केलं नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. परत तीच अक्षरं. औषधाच्या चिठ्ठीवर त्यांच्या डॉक्टरबाईंचा नंबर होता. मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आकडा येत नाही?" बाई म्हणाल्या. "अक्षरं येताहेत?"

"हो. मशीन बिघडलंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"मशीन ठीक आहे. मशीनला मोजता येत नाही इतकी साखर वर गेलीय. उलट्या आहेत? श्वास कसा चाललाय? बोलणं नीट आहे?"

मी सांगितलं. श्वासाचं, वासाचं, फलाटाचं. सुई बंद असल्याचंही.

"आत्ताच्या आत्ता हलवा. माझ्याकडं नाही, आयसीयू आहे अशा ठिकाणी. घरी काही करत बसू नका. अंदाजानं सुई टोचायची नाही. गोड थेंबभर द्यायचं नाही. गिळता येत असेल तर पाण्याचा घोट, बाकी काही नको."

पेन्शनर काका पुढं सरसावले. "डॉक्टर, घरीच सलाईन लावलं तर?"

"तुम्ही कोण?"

"शेजारी."

"मग उचलायला हात लावा," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

एवढं ऐकल्यावर तरी पळापळ व्हावी की नाही? तर भाऊ म्हणतो, "मटण शिजतच आलंय. दोन घास खाऊन निघूया. तिकडं दवाखान्यात कवा सुटका हुती कुणास ठावं." आणि मामी, नवऱ्यासाठी जीव टाकणाऱ्या मामी, खरोखर शेगडीकडं बघायला लागल्या. पाव्हणा उपाशी कसा ठेवायचा! जन्मभराची सवय, दारात यम उभा असला तरी आधी त्याला पाट मांडतील.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण आपटलं. तो आवाज जरा जास्तच झाला, आणि मग सगळे उठले.

गल्लीत दुचाक्या अशा लावलेल्या की रिक्षा आत येईना. मामांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. खरं ते लिहायला हवं: पुढचे दोन्ही पाय भावानंच धरले होते. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला, पण त्यानं खुर्ची एकदाही टेकवू दिली नाही. काका पुढं धावत दुचाक्या बाजूला करत होते. मघाशी ज्यांच्या बोटांना टोचलं होतं त्यांचेच सगळे हात होते. या माणसांना काय म्हणावं मला अजून कळत नाही. अक्कल मागायला गेलं की गूळ देतात, आणि ओझं उचलायला न बोलावता येतात.

दवाखान्यात एका हाताला सलाईन, दुसरीकडून मोजून मोजून इन्सुलिन, आणि दर थोड्या वेळानं रक्त तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन कुणी थांबवलं? मामी पदराचं टोक चावत म्हणाल्या, "जेवत न्हवतं, म्हणून."

"जेवण नसलं तरी तापात साखर वाढते," डॉक्टर म्हणाले. "सुई नसल्यानं ती वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. त्या उलट्या, तो श्वास, सगळं त्याचंच. आजारपणात सुई आपल्या मनानं बंद करायची नसते. आम्हाला विचारायचं."

मामी बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. वॉर्डातली सिस्टर बाहेर येऊन "कोण आहे यांच्यासोबत?" असं विचारायची तेव्हा मी उठायचे. "आमचे मामा आहेत आत," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी गल्ली बघायला आली, शहाळी घेऊन! दारावरच्या वॉचमननं एकालाही आत सोडलं नाही. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, त्याला ठाऊकसुद्धा नाही.

मामांनी डोळे उघडून मला ओळखलं तेव्हा पहिलं विचारलं ते, "दुकानाला गेली न्हाईस व्हय? मालक वरडंल की." मी बाहेर येऊन रडले आणि आईला फोन केला. ती तिकडून विचारते, "काऊन रडतेस?" मी म्हटलं, काही नाही, सर्दी आहे.

अंगठा वाचला. मामा घरी आले, भिंतीला टेकून बसायला लागले, सुई वेळेवर सुरू झाली. मग एका रविवारी भाऊ परत आला. काखेत ढेप.

मामांनी ढेपेकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मला म्हणाले, "मशीन आण गं." आणि त्याला म्हणाले, "बोट द्या, पाव्हणं."

"दाजी, आत्ताच च्या प्यालोय."

"असू दे."

"खोटं हाय वो ते तुमचं मशीन."

"खोटंच हाय तर भ्यायचं कशाला?"

मामांनी त्याचं मनगट धरलं, गिअरचा दांडा धरावा तसं. आकडा आला. मागच्यापेक्षा जास्त होता. या वेळी कुणी तो मोठ्यानं वाचला नाही. भावानं मशीन उलटंही केलं नाही. नुसता बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला.

"पाय रातचं आग करत्यात," तो म्हणाला. "मला वाटलं, रानातल्या कामानं असंल."

"उद्या हितंच ऱ्हावा," मामा म्हणाले. "सकाळी पोरगी घेऊन जाईल डॉक्टरकडं."

"उद्या कारखान्याला ऊस जायचाय, दाजी."

"ऊस जाईल. गाडी सुटायच्या आत बसायचं असतंय. तीस वर्सं हेच सांगत आलोय लोकांस्नी."

मामींनी चहा आणला. दोघांनाही बिनसाखरेचा. भावानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कोपऱ्यातल्या ढेपेकडं बघत म्हणाला, "अक्का, वाईच गूळ तरी..."

"गप पी," मामी म्हणाल्या.