नणंदेला उरलेले शब्द

माझी नणंद शाळेत इंग्रजीची बाई होती. गेल्या वर्षी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काही दिवसांनी तोंडातून शब्द फुटले तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती गोळा झालो. शब्द होते, "सक्सीड, अचीव्ह, अकम्प्लिश, अटेन, फुलफिल." मराठी एकही नाही. पाणी हवं असलं तरी तेच, उशी सरकली तरी तेच.

मला ते शब्द ओळखीचे होते. मी चौथीपर्यंत शिकले. पण नोकरीच्या सुरुवातीला ती आमच्याकडंच राहायची आणि सकाळी मी भांडी घासत असताना मोठ्यानं धड्याची तयारी करायची. एका अर्थाचे शब्द ती पोरांकडून ओळीनं, चालीवर म्हणून घ्यायची. त्यात काम तडीस गेल्याचे, यश मिळाल्याचे शब्द सगळ्यात आधी.

मी एकदा म्हटलं, "एवढे कशाला लागतात? आम्ही 'झालं' म्हणतो, भागतं."

"वहिनी, तुम्ही तरी कुठं एकच म्हणता? भाकरी जमली म्हणता, लग्न पार पडलं म्हणता, कचेरीतलं काम फत्ते झालं म्हणता. भाकरी फत्ते झाली, असं म्हणता का?"

मी परत भांड्यांकडं वळले. तिच्यापुढं कुणाचंच चालायचं नाही. तोंड फटकळ होतं.

तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढं पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिथं एकटी राहिली. सणाला आमच्याकडं यायची, जेवायची, आणि अंधार पडायच्या आत निघायची. "माझ्या घरी मला झोप लागते," म्हणायची.

दवाखान्यातून माझ्या मुलानं तिला हर्सूलला आमच्याकडं आणलं. ती रोज डावा हात उचलून दाराकडं दाखवायची. तिला घरी जायचं होतं. ते कळायला शब्द लागत नव्हते. डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, की कामाला बाई ठेवली तरी ती चोवीस तास नसते. फोन उचलून पाणी, दुखतंय, ये, एवढं जरी यांना सांगता आलं तर घरी राहू द्या. नाहीतर नको. आणि जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येईल.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती पेला समोर धरायची आणि ओठ मोठे करून म्हणायची, "पा-णी." नणंद तिच्या ओठांकडं बघायची. कपाळावर घाम यायचा. "पा," म्हणायची, आणि पुढं यायचं "अचीव्ह." मग डाव्या हातानं पेला ढकलून द्यायची. चादर ओली व्हायची, ती मी बदलायचे.

ती मुलगी नसेल त्या दिवशी व्यायाम मी घ्यायचे. पेला धरून बसायचे, लगेच द्यायचे नाही. सून म्हणायची, "आई, द्या की त्यांना. तहानल्यात." मी द्यायचे नाही. न मागता मिळालं तर मागणार कशाला? कुणाला ते निर्दयपणाचं वाटलं असेल. मला वाटलं नाही.

अशात तिचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शहागंजात कापडाचं दुकान आहे त्याचं, डोक्याचे केस पांढरे झालेले. त्यानं वाकून विचारलं, "मॅडम, पैचाने क्या? लास्ट बेंच. मेरेकू रोज खडा करते थे आप."

नणंदेनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सक्सीड."

त्यानं हाताची घडी घातली आणि पुढचा शब्द उचलला, "अचीव्ह." मग दोघांनी मिळून सगळी ओळ म्हटली, त्याच जुन्या चालीवर. तिचा अर्धा चेहरा हसत होता. आजारपणात मी तिला तशी पहिल्यांदा बघितली.

बाहेर येऊन तो म्हणाला, "अम्मा, तुम लोगां खालीपिली डर रहे. मॅडम तो फर्राटे से इंग्लिश बोल रहे."

"पाणी मागून दाखवा म्हणावं तुमच्या मॅडमला."

"पानी मांगने की क्या जरूरत? हम हैं ना."

असं म्हणून तो गेला आणि परत फिरकला नाही. पण मॅडम बऱ्या झाल्या, इंग्रजीत बोलायला लागल्या, ही बातमी त्यानं गावभर केली. मुलाला फोनवर फोन आले. तोही हरखला. आत्याच्या खाटेवर बसून म्हणाला, "आत्या, पुढच्या महिन्यात तुला तुझ्या घरी सोडतो." तिनं त्याचा हात धरला तो सोडेना.

दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणारी मुलगी आली. तिनं समजावलं. वर्षानुवर्षं घोकलेलं असतं ते आपोआप येतं, जसे आकडे किंवा आरती. मनातलं सांगायला लागणारं बोलणं वेगळं, आणि ते अजून आलेलं नाही. मला पटलं. पाढे येतात म्हणून बाजारहाट येतो असं थोडंच आहे? मुलाला पटलं नाही. म्हणाला, "फोन करूनच बघू."

त्यानं तिच्या डाव्या हातात फोन दिला आणि अंगणात जाऊन दुसऱ्या फोनवरून लावला. मी खाटेपाशी उभी होते. ही परीक्षा आहे हे तिला पक्कं कळलं होतं. तिनं पाठ ताठ केली.

"आत्या, समज तू घरात पडलीस. मला काय सांगशील?"

"सक्सीड," ती म्हणाली आणि थांबली. हा शब्द नव्हे, हे तिचं तिलाच ऐकू आलं. डोळे मिटून घेतले. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

"आत्या? सांग की. सावकाश सांग."

"अचीव्ह," ती म्हणाली. मग रागानं, "अचीव्ह. अकम्प्लिश. अटेन." कुणीतरी मदतीला हाका माराव्यात तसा आवाज होता, आणि शब्द मात्र तेच. अंगणातून मुलाचं "आत्या, आत्या" ऐकू येत राहिलं. मग त्यानं फोन बंद केला. आत आला आणि बराच वेळ चप्पल काढत बसला.

पुढचे महिनेही तसेच गेले. मग तिचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं. मुलानं मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. एकटी पडून राहिली असती आणि शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं असतं. वाईट वाटतं म्हणून हे बदलत नाही.

तिला मात्र कुणी सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, "शब्द तू दिलास, तू सांग." तेवढ्यात टेम्पो आला. ती नेहमीप्रमाणं हात उचलून दाराकडं दाखवत होती, आणि त्याच दारातून हमाल तिचं लोखंडी कपाट आत घेऊन आले. मागून तिची खाट आली. तिनं ते बघितलं. हात खाली ठेवला.

त्यानंतर तिनं दाराकडं दाखवलं नाही. पेला धरला तर ओठ हलवले नाहीत. ते इंग्रजी शब्दही थांबले. ती मुलगी दोन-चार वेळा आली, मग म्हणाली, "त्यांची इच्छा नसेल तर मी काय करू?"

मला वाटलं, निदान येत होतं ते तरी जाऊ नये. एका दुपारी मी तिच्यापाशी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडून काढले. "सक्सीड," मी म्हटलं. "अचीव्ह." ती आढ्याकडं बघत होती. "अकम्प्लिश." तेव्हा तिनं डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला आणि तसाच ठेवला.

आता आमच्या घरात ते शब्द कुणी काढत नाही. नातीला शाळेत इंग्रजी आहे. ती तिचं पाठांतर शेजारी जाऊन करते.