वादविवादातली जोडीदार

नाशिकच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. दर वर्षी तो धडा येतोच: राष्ट्राचा प्रमुख आणि सरकारचा प्रमुख वेगवेगळे असावेत, की एकाच माणसाने दोन्ही व्हावं? मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात, तास संपतो. कुणी माझं मत विचारलंच, तर परीक्षेत काय येतं ते सांगून मोकळी होते. मत आहे मला. पण ते कसं झालं हेही सांगावं लागेल, म्हणून टाळते.

नव्वदच्या दशकात मी नांदगावहून शिकायला इथे आले आणि हॉस्टेलवर राहिले. पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून ‘लय’ निघालं आणि मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. मी मूळची फटकळ, पण त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. बोलायची ती फक्त खोलीत. खोलीतली दुसरी मुलगी सटाण्याकडची होती, तिच्याही तोंडून मधूनच ‘आहे’च्या जागी अहिराणी ‘शे’ निसटायचं. तिच्याशिवाय त्या अख्ख्या शहरात मला कुणीच नव्हतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हा दोघींना वादविवाद स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. चिडले की मी बरी बोलते, हे त्यांनी हेरलं असावं. तिथे प्रत्येक कॉलेजची जोडी असते. एकीने अनुकूल बोलायचं, दुसरीने प्रतिकूल, आणि करंडक दोघींच्या गुणांची बेरीज करून. विषय हाच होता, ही दोन पदे वेगळी असावीत. ती अनुकूल, मी प्रतिकूल. महिनाभर गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आम्ही कडाकडा भांडलो. तितकी सुखात मी नाशिकला पुन्हा कधी नव्हते.

माझा मुद्दा एकच. ज्याच्या हातात काही नाही त्याला खुर्ची कशाला, नुसत्या फिती कापायला? एका रविवारी ती पिळलेला टॉवेल हातात तसाच धरून म्हणाली, “आमच्या आत्याच्या हातात तरी काय होतं? सगळं वडीलच ठरवायचे. पण त्यांनी माझ्या भावाला घराबाहेर काढलं, की तो मागच्या दाराने आत्याकडे जायचा. ती म्हणायची, ‘पहिले जेवी ले.’ तोवर वडील निवळायचे.” मग आत्या वारली. पुढच्या भांडणात भाऊ सुरतेला निघून गेला, तो परत आलाच नाही.

“हे तिथे बोलायचं नाही हं. घरचं आहे,” ती म्हणाली. मी मान डोलावली.

स्पर्धेत बोलायची माझी पाळी तिच्या आधी आली. पाठ केलेलं भाषण अगदीच थंड चाललं होतं. पुढच्याच रांगेत कुणीतरी जांभई दिली आणि माझं डोकं फिरलं. “सटाण्याकडचं एक घर सांगते,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. आत्या, मागचं दार, सुरत. “एक बाई गेली आणि घर मोडलं. याला व्यवस्था म्हणायचं?” जोरात टाळ्या पडल्या.

मग ती उठली. पाठ असलेलं भाषण तिने कागदात बघून वाचलं आणि घंटेच्या कितीतरी आधी खाली येऊन बसली. मला पहिलं बक्षीस मिळालं, करंडक दुसऱ्याच कॉलेजकडे गेला. परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, “घरचं आहे म्हटलं होतं ना.”

“नाव कुठे घेतलं मी?” मी म्हणाले. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरही ती सकाळी माझी बादली भरून ठेवायची, फक्त बोलायची नाही. ती भांडली असती तर मी निभावलं असतं, भांडायला मला येतं. माफी मागायला येत नव्हतं. आमच्या मधे पडणारं कुणीतरी हवं होतं, ज्याला काही ठरवायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, नुसतं दोघींना समोरासमोर बसवायचं आहे. हॉस्टेलवर असं कुणी नव्हतं. रेक्टरबाई होत्या, पण त्यांच्याकडे गेलं की थेट निर्णयच व्हायचा.

तो झालाच. बाईंनी मला ऑफिसात बोलावलं तेव्हा ती तिथे आधीच उभी होती. टेबलावर तिचा खोली बदलण्याचा अर्ज होता.

“सोबतच्या मुलीची हरकत नाही, असं लिहून लागतं,” बाई म्हणाल्या. “तुझी आहे का काही?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. माझी हरकत होती. बाईंना कुठेतरी जायची घाई होती, त्या पेन पुढे करून थांबल्या होत्या. मी ‘हरकत नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.