आभाळातल्या लाटा आणि आमचा पोळ्याचा मान

साल २०२४. मला एकोणऐंशीवं लागलं होतं. शाळा तिसरीतच सुटली, पण गावात माझ्या शब्दाला वजन आहे आणि ते मी कधी घटू दिलं नाही.

पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. हा मान आजोबापासूनचा. दुसरी जोडी माझ्या चुलतभावाची. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मागची जोडी हाकताना दरसाल त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं.

त्या पोळ्याला माझी नात सुट्टी काढून आली होती. उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून ती हवेतल्या लाटांचा अभ्यास करते. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पारावर तिचा विषय निघाला, तसा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तुमची नात ढगाचे फोटू काढती म्हणं. आमच्या पोराच्या मोबाईलवरबी निघत्यात की!"

लोक हसले. मला हसू आलं नाही.

"ती काय करती ते तिच्याच तोंडून ऐक. पारावर बसलेल्या एकेकाला समजंल. एकाला जरी न्हाय समजलं, तर उद्या पहिली जोडी तुझी."

"बोललात बरं का! ऐकलं ना रं समद्यांनी?"

नातीला बोलावणं धाडलं. ती आली आणि माझ्यावरच डाफरली, "आजोबा, मला विचारायचं तरी आधी!"

"तुला काय विचारायचं? तुला येतंय न्हवं?"

मग ती पाराच्या कडेला टेकली आणि सांगू लागली. वारा आपल्या बालाघाटाच्या डोंगराला धडकला की वर उसळतो, जड होऊन खाली येतो, परत उसळतो. विहिरीत धोंडा टाकल्यावर पाणी हलतं, तशी ही हवा हलते, आणि ती लाट वर वर चढत जाते. लई वर हवेचा एक थर आहे, तो रात्री आपसूक मंद उजळतो. लाट तिथं पोचली की त्या उजेडात रेघा उमटतात. त्याचे फोटो उपग्रह काढतो. लाटा वर जाऊन फुटल्या की तिथले वारे बदलतात, म्हणून त्या मापायच्या.

चुलतभाऊ काही कच्चा नाही. तो म्हणाला, "वरून फोटू काढला तर लाट किती उभी, किती तिरपी, कसं कळायचं? वरून बघितला तर हौदबी ताटासारखाच दिसतो."

नातीनं त्याच्याकडंच तोंड वळवलं.

"धाकटे आजोबा, तुमच्या मक्यात रानडुकरं शिरतात ना? कुठं लोळली ते आत न जाता कसं ओळखता?"

"बांधावरून. जिथं मका आडवा झाला, तिथून पलीकडचा उजेड दिसतो."

"एकाच बांधावरून कळतं?"

"छ्या! एका बांधावरून नुसती दिशा कळती. दोन-तीन बांध फिरावं लागतंय."

"मीही तेच करते. उपग्रह पुढं सरकत जातो आणि त्याच जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेतो. ते सगळे एकत्र मांडले की लाटेच्या आतला आकार कळतो."

चुलतभावानं मांडीवर थाप मारली. मग एकेकाला विचारत गेला, "समजलं का रं?" ज्याला त्याला समजलं होतं. सगळ्यांकडं मका आहे. "जाऊ द्या दादा, मान तुमचाच," असं म्हणून त्यानंच चहा सांगितला.

मला मात्र कोणी विचारलं नाही. माझ्या रानात सोयाबीन. गुडघ्याएवढं पीक, डुक्कर शिरलं तर त्याचं शेपूटसुद्धा दिसतं. लोकांनी मका लाव, मका लाव म्हणून लई सांगितलं, म्हणून तर मी लावला नाही.

संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं. पोरगा शिंगं रंगवायला हिंगूळ घेऊन आला. मी म्हणालो, "ठेव तिकडं."

"का, आबा?"

"पैज पारावरच्या एकेकाची होती. म्याबी पारावरच होतो."

बायको दारातून म्हणाली, "अवो, सारा जल्म न समजता गेला, आजच काय अडलं?"

नात कागद-पेन घेऊन आली. मी तिला परत पाठवलं. एकदा सांगितलेलं दोनदा विचारायची आमच्यात रीत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चुलतभावाच्या मक्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. डोक्याच्या वर गेलेला मका, नुसती हिरवी भिंत. वाकून बघता बघता एका जागी पलीकडचा उजेड झिरपताना दिसला. समोरच्या बांधावरची बाभळ त्या रेषेत धरली. आडव्या बांधावर गेलो, तिथंही तसाच उजेड, विहिरीच्या रेषेत. तिसऱ्या बांधावर पोचतो तोच मागून आवाज आला.

"दादा, काय हुडकताय सकाळी सकाळी?"

"तुझी डुकरं." मी हात लांब केला. "बाभळीची रेघ आन् विहिरीची रेघ जिथं एकमेकीला छेदत्यात, तिथं लोळल्यात. जा, बघून ये."

तो मक्यात शिरला. जरा वेळानं आतून त्याचा हसण्याचा आवाज आला. "हाय की वो! खाटंएवढी जागा सपाट केलीया! पर दादा, म्हंजी काल तुमाला..."

"पोळा आज हाय," मी म्हणालो, "काल न्हवता."

आणि घरी येऊन शिंगांना हिंगूळ लावायला बसलो.